हार घातलेलं पुस्तक

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो. पोथी नाही, देव तर नाहीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आज माझ्यासमोर आलात तर तुम्हीसुद्धा चपला काढाल आणि हात जोडाल. शहापूर तालुक्यात, भातसानगरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या देवळाच्या सभामंडपात एका काचेच्या कपाटात मला ठेवलंय. अंगावर लाल रेशमी कापड, कापडावर झेंडूचा हार आणि कपाटाला कुलूप. समोर उदबत्ती सतत जळत असते. धुरानं माझा जीव घुसमटतो, पण पुस्तकाचं ऐकतो कोण?

माझा जन्म फार मागचा, इंग्रजाच्या अमदानीतला. कल्याणच्या एका लहानशा छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मला छापलं. मला लिहिणारा शाळामास्तर होता, एका संस्थानात नोकरीला. डोकं तिखट आणि जीभ त्याहून तिखट. आपल्या राजाला उघड नावं ठेवावीत तर पोटावर पाय यायचा, म्हणून त्यानं एक युक्ती केली. उदंडसेन नावाचा एक राजा रचला, त्याला साता समुद्रापलीकडे नेऊन बसवला आणि जे काही बोलायचं होतं ते सगळं त्याच्या माथी मारलं. तरी नोकरी गेलीच! राजेसाहेबांना म्हणे दुसऱ्याच पानावर आपलं नाक ओळखू आलं.

माझ्यातली गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उदंडसेनाचा एक लाडका हत्ती असतो. तो मरतो. पण त्याच्या नावानं रोज गाडाभर चारा निघत असतो आणि दिवाणापासून माहुतापर्यंत सगळ्यांचा त्यात वाटा असतो. मग हत्ती मेला असं म्हणायचं कुणी? कुणीच म्हणत नाही. चारा रोज निघतो. दसऱ्याला रिकामी अंबारी बांबूंवर उचलून मिरवतात आणि लोक रस्त्याच्या कडेला होऊन वाट देतात. पुढे तर घरोघरी एकेक पेंढी जायला लागते, गाईला घाला म्हणून. ज्याच्या गाईनं ती पेंढी खाल्ली त्याचं तोंड शिवलं गेलं. शेवटी बादशहाचा माणूस चौकशीला येतो. हत्ती कुठाय, विचारतो. तेव्हा अख्खं नगर एका सुरात सांगतं, आत्ताच नदीवर गेला बघा, पाणी प्यायला.

हसलात ना? हसा, हसा. मास्तरनं हसण्यासाठीच लिहिलं होतं. मात्र हसून झाल्यावर माणूस जरा वेळ गप्प बसला पाहिजे, अशी त्याची इच्छा होती.

भातसानगरला धरणाचं काम चालू होतं तेव्हा मी फिरत फिरत तिथल्या कॉलनीतल्या वाचनालयात आलो. ते माझे बरे दिवस. कामावरून सुटलेली माणसं बाकावर बसून मला वाचायची, शेजाऱ्याला कोपरानं ढोसायची आणि विचारायची, हा दिवाण कोण ते ओळखलंस का? मग दबक्या आवाजात कुठल्या तरी साहेबाचं नाव यायचं आणि दोघंही पोट धरून हसायचे. मला नवल वाटायचं. मास्तर लिहीत होता तेव्हा तो साहेब जन्मलाही नव्हता! मग हळूहळू कळलं की माझ्यातला राजा कधी मरतच नाही. पागोटं उतरवतो, टोपी घालतो. टोपी उतरवतो, इस्त्रीचा शर्ट घालतो.

धरण झालं. पाणी मुंबईला जायला लागलं, माणसं बदल्या होऊन गेली आणि मला कुणी हात लावेना. वाचनालय बंद पडलं तेव्हा पुस्तकं रद्दीत निघाली. वरच्या वाडीतला महादू तिथं मजुरीला यायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण अक्षराला पाय लागू नये एवढं त्याला आईनं शिकवलेलं. चिखलात पडलेल्या मला त्यानं उचललं, धोतरानं पुसलं, कपाळाला लावलं आणि देवळातल्या पोथ्यांच्या शेजारी लाल फडक्यात बांधून ठेवून दिलं. भला माणूस होता. पण ते लाल फडकंच पुढे मला नडलं.

त्या वाडीत भाताची आवणी उरकली की श्रावणात देवळात पोथी लागते. एकजण चालीवर वाचतो आणि दुसरा थांबवून थांबवून अर्थ सांगतो. वाचणारा होता अनंता. त्या वर्षी पोथी लवकर संपली आणि श्रावण उरला, म्हणून अनंतानं शेजारचं लाल फडकं सोडलं. मी निघालो. त्यानंही काही न बघता मला पोथीच्या चालीवर गायला सुरुवात केली. उदंडसेन राजा, त्याचा हत्ती, हत्तीचा चारा, सगळं हेल काढून! अर्ध्यावर त्याला घाम फुटला, पण एकदा उघडलेला अध्याय मधे सोडायचा नसतो असा रिवाज. अर्थ सांगणारे म्हातारबुवा म्हणाले, याचा काय अर्थ सांगायचा, मला नाय जमत. तेव्हा बायकांच्या बाजूनं एक आवाज आला.

"मी सांगते की. हत्ती मेला कवाच. पन चारा खायाचं काय त्यानं सोडलं नाय."

तो गोजरचा आवाज. सभामंडप असा हसला की घंटा आपोआप वाजते की काय असं वाटलं. गोजर तेव्हा नुकती विधवा झालेली, पदरात एक पोर, ऋतिक. स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. पण माझा अर्थ तिला जसा लागला तसा शिकल्यासवरल्यांना लागला नव्हता, हे मी माझ्या लेखकाची शपथ घेऊन सांगतो. आणि एकदा केलं ते देवाधर्माचं, दर वर्षी करावंच लागतं. म्हणून दर श्रावणात पोथीमागून मला वाचायचं ठरून गेलं. अनंता वाचायचा, गोजर अर्थ सांगायची. अनंताची नजर अधू झाली तेव्हा गोजरच्या घरी सून आली होती, नम्रता. ती बारावी झालेली. मग सून वाचायची आणि सासू अर्थ सांगायची. नम्रताचा आवाज लहान, पण शब्द स्वच्छ. हसू आवरेनासं झालं की ती पदर तोंडाशी धरायची आणि गोजर तिला दटावायची, वाच गो बाय, हत्ती थांबलाय दारात.

मला लोक देव समजत होते हे मला ठाऊक होतं. माझ्यावर हळदकुंकू पडायचं. नम्रताच्या अडचणीच्या दिवसांत गोजर तिला मला शिवू द्यायची नाही, वाचन चार दिवस पुढे जायचं. मी म्हणायचो, असू दे. वाचतायत ना? हसतायत ना? मग काय हवं?

आता पाण्याचं सांगतो. वाडीवरून खाली बघितलं की धरण दिसतं, निळंशार, दिवसभर डोळ्यांसमोर. पण ते पाणी वाडीचं नाही. होळी झाली की विहीर आटते आणि बायांना खालच्या ओहळातल्या झऱ्यावर उतरावं लागतं. उतार घसरडा, दोन्ही बाजूंना कातळ. म्हणून उन्हाळ्यात वाडीला टँकर मंजूर होतो. टँकर सरपंच ज्ञानेश्वरच्या भावाचा. कागदावर तो रोज यायचा आणि वाडीत त्याच्या मनाला येईल तेव्हा. बाकीचं पाणी हायवेकडच्या फार्महाऊसांच्या हिरवळीवर जायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. श्रावणात गोजर अर्थ सांगताना मधेच विचारायची, काय रे, उन्हाळ्यात हत्ती आलेला का वाडीत? आणि लोक हसून हसून लोळायचे. टँकरला नावच पडलं, हत्ती. पाणवठ्यावर, रिक्षात, खर्डीच्या बाजारात सगळीकडे हत्ती.

नाव ज्ञानेश्वरच्या कानावर गेलं. तुम्हाला वाटेल, आता तो मला जाळणार. मलाही तसंच वाटलं होतं. जाळलं असतं तर बरं झालं असतं, मित्रांनो.

ज्ञानेश्वर माणूस मोठा गोड. कुणाला कधी अरेतुरे करायचा नाही. त्यानं आधी घरोघरी एकेक निळा ड्रम वाटला, पाणी साठवायला. फुकट. पाण्याचा पत्ता नाही, पण ड्रम असा झकास की ओटीवर ठेवला की घराला शोभा येते. सगळ्यांनी घेतला. गोजरनंही घेतला. मग दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तो स्वतः वाचनाला आला, पुढ्यात मांडी घालून बसला आणि हत्तीच्या गोष्टीला सगळ्यांत मोठ्यानं हसला. वाचन झाल्यावर उभा राहून म्हणाला, एवढा पुरातन ग्रंथ आपल्या वाडीत आहे आणि आपण त्याला असा उघड्यावर ठेवतो? पानं विरलीत, कोपरे झडलेत. याला काचेचं कपाट पाहिजे, नित्य पूजा पाहिजे. खर्च मी करतो.

टाळ्या पडल्या. मग तो हलक्या आवाजात गोजरला म्हणाला, "काकी, तुमी नम्रतावहिनीकडून येवढी वर्सं वाचून घेतलंत. पन ग्रंथाचं सोवळं असतं. कोन कसं असतं, कोनाचा हात लागतो, आपल्याला काय कळतंय? आता त्याला विसावा द्या."

जवळ बसलेल्या बायकांनीच पहिल्या माना डोलावल्या.  आणि अडचणीच्या दिवसांत सुनेला गोजर स्वतःच माझ्यापासून लांब बसवत आली होती. पंधरा दिवसांत कपाट आलं. मला आत ठेवलं, हार घातला आणि किल्ली ज्ञानेश्वरच्या खिशात गेली. त्या दिवशी सगळी वाडी पुरणपोळी जेवली. मी मात्र मिटलो तो कायमचा.

पुढचा श्रावण वाचनाविनाच गेला. यंदा होळीनंतर विहीर आटली आणि त्याच सुमारास नम्रताला दिवस गेल्याचं कळलं. गोजरच्या आनंदाला पारावार नव्हता. पण पाण्याचं काय? गोजर स्वतः हंडे घेऊन उतरायची, सुनेला घराबाहेर पडू द्यायची नाही. नम्रताला पाचवा महिना लागला. गोजरचे गुडघे धरायला लागले, एका खेपेला बसून बसून वर यायची. टँकर नियमानं आला तर कुणालाच उतरायला नको, एवढं साधं होतं ते. तिला दुसरं काही नको होतं.

अशात बातमी आली की तालुक्याहून एक साहेब चौकशीला येणार, वाडीत टँकर खरंच येतो का ते बघायला. कुणीतरी निनावी तक्रार केली होती. गोजर तशीच ज्ञानेश्वरकडे किल्ली मागायला गेली. हे तिनं देवळाच्या पायरीवर बसून बायकांना सांगितलं, म्हणून मला कळलं. तिला वाटत होतं, साहेब यायच्या आधी एक दिवस मला वाचलं, हत्तीची गोष्ट लोकांनी परत ऐकली, तर तोंडं उघडतील. ज्ञानेश्वरनं तिला चहा पाजला आणि म्हणाला, काकी, ग्रंथ अवेळी उघडला तर वाडीला बाधतं, तुमच्या घरात तर पोटुशी सून आहे. गोजर किल्लीशिवाय परत आली. देवळातून घरी जाताना काचेला हात टेकून क्षणभर उभी राहिली. नवल म्हणजे तो हात मला हवाहवासा वाटला.

साहेब आले. सभा इथेच सभामंडपात, माझ्यासमोर भरली. साहेब तरुण होता, कपाळावरचा घाम पुसत होता, त्याला बिचाऱ्याला लवकर परतायचं होतं. त्यानं विचारलं, टँकर येतो का हो?  मग अनंता, तोच माझा पहिला वाचक, डोळे मिचकावत म्हणाला, येतो. त्याच्या पाठीमागून दुसरा म्हणाला, येतो. मग सगळेच म्हणाले.

गोजर उठली. पदर खोचला आणि जुन्या सुरात, अगदी श्रावणातल्या सुरात म्हणाली, "साहेब, हत्ती आत्ताच नदीवर गेला बघा, पानी प्यायाला."

आणि थांबली. हसण्यासाठी थांबली ती. दर वर्षी इथं सगळा सभामंडप फुटायचा. कुणी हसलं नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, त्यांना गोष्ट आठवत नव्हती. मोठ्यांना आठवत होती, ते जमिनीकडे बघत होते. प्रत्येकाच्या ओटीवर निळा ड्रम होता. साहेबानं गोंधळून ज्ञानेश्वरकडे बघितलं, तर तो हसून म्हणाला, काकी देवभोळी आहे, ग्रंथाचं वेड आहे तिला.

तेव्हा गोजरचा आवाज फाटला. "ग्रंथाचं नाय, पान्याचं बोलते मी. टँकर येत नाय साहेब. माजी सून पोटुशी हाय, उद्या मी आजारी पडले तर तिलाच खाली उतरावं लागंल. माज्याबी वट्यावर ड्रम हाय. कोरडा ठाक हाय. येऊन बघा."

साहेबानं विचारलं, घरात आणखी कोण आहे? ऋतिक मागे उभा होता. त्याला आसनगावच्या कंपनीत चिकटवला होता तो ज्ञानेश्वरनंच. तो पुढे आला नाही. तिथूनच म्हणाला, "टँकर येतो. आईचं मनावर घेऊ नका."

गोजर खाली बसली.  साहेब गाडीत बसून गेले. माझी पानं फडफडली असती तर मी त्या दिवशी काच फोडली असती. पण मी दाबून बांधलेला, वर हार.

आठवड्यानं गोजर तापानं फणफणली. पोरगा नोकरीवर, घरात पाण्याचा थेंब नाही. सासूच्या कपाळावर पट्टी ठेवायलाही पाणी नाही म्हणून नम्रतानं हंडा उचलला. गोजर ग्लानीत होती, तिला कळलंच नाही. नम्रता खाली उतरली ती नीट, वर येताना घसरली. बायांनी झोळीत घालून आणली. शहापूरला न्यायला गाडी ज्ञानेश्वरनंच दिली, स्वतः चालवली, आणि वाडी म्हणाली, देवमाणूस आहे. नम्रता वाचली. बाळ गेलं. मुलगा होता म्हणे. पुढे मूल होईल की नाही ते सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले.

मी काचेआडून बाया बोलताना ऐकत होतो. त्या गोजरची कीव करत होत्या. आणि एकजण म्हणाली, ग्रंथाची थट्टा मांडली होती तिनं एवढी वर्षं. देवाचं हसं करून कुणाचं भलं झालंय? दुसरी म्हणाली, तेच तर. मी ओरडलो. खरंच ओरडलो, मित्रांनो. पण मिटलेल्या पुस्तकाला आवाज नसतो.

परवा श्रावणातली माझी पूजा झाली. ढोल, आरती, केळीचे खांब, ज्ञानेश्वर सोवळं नेसून पुढे. पोथी नाही, वाचन नाही. बाया ओळीनं येत होत्या आणि काचेला हळदकुंकू लावत होत्या. त्या ओळीत गोजर दिसली. वाळून काडी झालेली. मला आशा वाटली. आता ही काहीतरी बोलेल. एखादा टोमणा मारेल, ज्ञानेश्वरच्या सोवळ्यावरून काहीतरी बोलेल, आणि कुणी नाही तरी मी आतल्या आत हसेन. मला ओळखणारं माणूस ते एकच उरलं होतं.

ती समोर आली. बोटानं काचेला कुंकू लावलं, गुडघे दुखत असून खाली वाकली आणि कपाळ फरशीला टेकलं. माझ्याशीच बोलली, अगदी हळू.

"ग्रंथराया, माजं चुकलं. मी तुला हसले, लोकांना हसवलं. म्हनून तू माज्या सुनेची कूस रिकामी केलीस. आता परत नाय हसनार. तिच्या पदरात येक घाल."

मग ती उठली आणि प्रसाद घ्यायला गेली.

मित्रांनो, पुस्तकाला वाळवीपासून जपा, कव्हर घाला, पानं दुमडू नका, हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी तसलं काही मागत नाही. मला चिखलात टाका, माझी पानं फाडा, माझ्यावर चहा सांडा. पण मला उघडा. कुणीतरी जाऊन त्या बाईला सांगा की मी देव नाही, माझ्यात कूस भरायची ताकद नाही आणि रिकामी करायचीही नाही. तिच्या सुनेचं बाळ मी नेलेलं नाही. ती हसत होती तेवढे दिवसच मी जिवंत होतो.